पाणी किती चढले?

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? उडालेले पत्रे, मोडून पडलेली झाडे आणि घोंघावणारा वारा. वाऱ्याचे भय सर्वांनाच वाटते. त्याचा आवाज ऐकू येतो, त्याचा जोर अंगाला जाणवतो. पण समुद्रकाठी वादळ येते तेव्हा माणसांचा खरा वैरी वारा नसतो. तो असतो पाणी.

अमेरिकेत याचा हिशोब मांडलेला आहे. तिकडे अटलांटिक महासागरातून मोठी वादळे येतात. त्यांना हरिकेन म्हणतात. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अशा वादळांच्या तडाख्यात जी माणसे दगावली, ती कशाने दगावली हे तिथल्या शास्त्रज्ञांनी एकेक करून पाहिले. शंभरांतली जवळजवळ निम्मी माणसे जमिनीवर चढून आलेल्या समुद्राच्या पाण्याने गेली. पावसाच्या पुराने पाव हिश्शाहून थोडी अधिक गेली. नुसत्या वाऱ्याने गेलेली माणसे शंभरांत दहासुद्धा नव्हती.

तेव्हा वादळ येताना “वारा किती आहे?” एवढेच विचारून भागत नाही. “पाणी किती चढेल?” हे विचारले पाहिजे. याचे उत्तर शास्त्रज्ञ कसे काढतात, ते या धड्यात पाहू.

एक गाव, दोन वादळे

अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. आखात म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्र. त्याच्या काठी मिसिसिपी राज्यात पास क्रिस्टियान नावाचे लहानसे गाव आहे.

१९६९ च्या ऑगस्ट महिन्यात या गावावर कमील नावाचे वादळ आले. तिकडे वादळांना माणसांसारखी नावे ठेवतात. वाऱ्याच्या जोरावरून वादळांच्या पाच पायऱ्याही ठरवल्या आहेत. कमील सर्वांत वरच्या, म्हणजे पाचव्या पायरीचे होते. गावात समुद्राचे पाणी सुमारे २४ फूट चढले. आपल्या विहिरीच्या भाषेत सांगायचे तर चार पुरुषांहून अधिक पाणी! कित्येक घरे पायापासून धुऊन गेली. पण काही घरे उंचावर होती, काही दूर होती. तिथवर पाणी पोचले नाही.

पुढे ३६ वर्षे गेली. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना नावाचे वादळ त्याच किनाऱ्याकडे निघाले. सरकारने सांगितले, घरे सोडा, दूर जा. पुष्कळ लोक गेले. पण काही जण म्हणाले, “कमीलमध्ये आमच्या घराला पाणी लागलं नाही. ते तर पाचव्या पायरीचं होतं. हे काय करणार आहे?”

किनाऱ्याला लागताना कॅटरिना तिसऱ्या पायरीवर उतरले होते. वारा खरोखरच कमीलहून कमी होता. पण पाणी? पाणी सुमारे २८ फूट चढले! म्हणजे चार फूट जास्तच. जे घर कमीलमध्ये कोरडे राहिले होते, त्यावर भरवसा ठेवून राहिलेली कितीतरी माणसे त्यात गेली. वादळ ओसरल्यावर त्या किनाऱ्यावर लोक म्हणू लागले, “कमीलनं १९६९ मध्ये मारली त्याहून जास्त माणसं २००५ मध्ये मारली.”

वारा कमी असून पाणी जास्त कसे चढले? हे समजायचे तर पाणी मुळात का चढते ते पाहायला हवे.

समुद्र का फुगतो?

घरातली एक परात घ्या. तिच्यात बोटभर पाणी घाला. आता एका काठाकडून जोराने फुंकर मारा. पाणी पुढे ढकलले जाते आणि समोरच्या काठाशी चढते. वादळाचा वारा समुद्राला अशीच फुंकर घालतो. पण ती शेकडो मैल लांबीची असते आणि तासन् तास चालते. पाणी किनाऱ्याशी येऊन साचते. धरणामागे पाण्याला फुगवटा येतो ना, तसाच हा समुद्राचा फुगवटा.

हा फुगवटा म्हणजे लाट नव्हे, हे ध्यानात ठेवा. लाट येते आणि परत जाते. फुगवट्याने समुद्राची सगळी पातळीच वर येते आणि कित्येक तास वर राहते. लाटा उसळतात त्या या चढलेल्या पाण्यावर.

समुद्र खोल असेल तर ढकललेले पाणी खालून मागे फिरते. समुद्र उथळ असेल तर त्याला मागे जायला वाट नसते. मग ते जमिनीवर चढते. मिसिसिपीचा किनारा दूरवर उथळ आहे. त्यात कॅटरिना कमीलपेक्षा विस्ताराने पुष्कळ मोठे होते. शिवाय आदल्या दिवशी भर समुद्रात ते पाचव्या पायरीवर होते. वारा उतरला, पण त्याने आधीच रेटून आणलेले पाणी तसेच पुढे आले.

आणखी एक कारण आहे. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो. पाण्यावरचे ओझे हलके झाले की पाणी थोडे वर येते. दाब मोजण्याच्या यंत्रात पारा एक इंच उतरला, तर समुद्र फुटाहून थोडा अधिक चढतो. म्हणजे मोठा हात वाऱ्याचा, दाबाचा हात लहान.

वाऱ्याची पायरी ऐकून लोक पाण्याचा अंदाज बांधतात आणि फसतात, हे पाहून २०१० मध्ये अमेरिकन हवामान खात्याने या पायऱ्यांच्या तक्त्यातून पाण्याचे आकडे काढूनच टाकले. आता पायरी सांगते ती फक्त वाऱ्याची. पाण्याचे निराळे सांगतात.

मोजायचे कोठून?

पाणी दहा फूट चढले असे कोणी म्हटले, तर आपण आधी विचारावे, “दहा फूट कोठून?” अंगणातून? रस्त्यावरून? की ओहोटीच्या वेळच्या समुद्रापासून? उत्तर निराळे, तसा अर्थ निराळा.

म्हणून मोजणीला एक ठरलेला शून्य लागतो. किनाऱ्यावर जागोजागी पक्क्या बांधकामात किंवा खडकात धातूच्या चकत्या बसवलेल्या असतात. प्रत्येक चकतीची उंची मोजून नोंदलेली असते. पाणी कोठेही मोजले तरी त्याची उंची या खुणांशी जुळवून घेतात. म्हणजे दहा गावांचे दहा आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

लोकांना सांगताना मात्र जमिनीपासून सांगतात. “तुमच्या भागात जमिनीवर सहा फूट पाणी येईल,” असे म्हटले की माणसाला लगेच कळते. सहा फूट म्हणजे डोके बुडाले!

बंदरातले मापक

समुद्राची भरती-ओहोटी मोजण्यासाठी बंदरांतून कायमची यंत्रे बसवलेली असतात. धक्क्याला एक उभी नळी बांधतात. तिच्या बुडाशी लहानसे भोक ठेवतात. बाहेर लाटा कितीही उसळोत, त्या लहान भोकातून पाणी सावकाश आत-बाहेर होते. त्यामुळे नळीतले पाणी शांत राहते. वरून यंत्र आवाजाची लहर खाली सोडते. ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून पाणी किती खाली आहे ते कळते. काही नवी यंत्रे आवाजाऐवजी रडारच्या लहरी वापरतात. दर सहा मिनिटांचा आकडा आकाशातल्या उपग्रहामार्फत कचेरीत पोचतो. अमेरिकेत अशी कायमची ठाणी दोनशेच्या वर आहेत.

या यंत्राचा उपयोग कसा होतो, ते न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून पाहा. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी नावाचे वादळ तिथे आले. शहराच्या दक्षिण टोकाला बॅटरी नावाची जागा आहे. तिथल्या मापकाने ओहोटीच्या नेहमीच्या पातळीपासून १४ फूट पाणी नोंदले. भरती-ओहोटीचे गणित आधीच मांडता येते. त्याप्रमाणे त्या वेळी भरतीचेच पाणी सुमारे पावणेपाच फूट असायचे होते. १४ मधून ते वजा केले की उरले सुमारे सव्वानऊ फूट. तो वादळाचा फुगवटा.

त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, हे आपल्या कोळी बांधवांना सांगायला नको. उधाणाची भरती आणि फुगवटा, दोन्ही एकदमच आले. हाच फुगवटा सहा तास आधी, ओहोटीच्या वेळी आला असता, तर पाणी कित्येक फूट खाली राहिले असते. पण तसे झाले नाही. जमिनीखालून धावणाऱ्या आगगाड्यांचे बोगदे समुद्राच्या पाण्याने भरून गेले.

खांबाला बांधलेली नळी

दोनशे ठाणी पुष्कळ वाटतात. पण किनारा हजारो मैलांचा आहे. एका खाडीत पाणी दहा फूट चढते, तर पलीकडच्या खाडीत पाचच. शिवाय वादळात मापकेच मोडून जातात. कॅटरिनाच्या वेळी तसेच झाले. पाणी सर्वांत वर होते त्या वेळी कित्येक मापके बंद पडली होती.

त्याच वर्षी महिन्याभराच्या आत रीटा नावाचे दुसरे वादळ आले. त्या वेळी अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने एक नवी पद्धत सुरू केली. वादळ कोठे लागणार याचा अंदाज आला की खात्याची माणसे मोटारी घेऊन त्या किनाऱ्यावर जातात. लोक घरे सोडून आत निघालेले असतात आणि ही माणसे समुद्राकडे जात असतात! पुलाचे खांब, धक्क्याचे सोट, दिव्यांचे खांब अशा मजबूत ठिकाणी ती लोखंडी नळ्या पक्क्या आवळून बांधतात. प्रत्येक नळीत हाताच्या बोटांत मावेल एवढे यंत्र असते. काम झाले की वादळ येण्यापूर्वी माणसे परत फिरतात.

हे यंत्र पाण्याचा दाब मोजते. विहिरीत खोल बुडी मारली की कानाला दाब जाणवतो, हे पोहणाऱ्यांना ठाऊक आहे. जितके पाणी डोक्यावर जास्त, तितका दाब जास्त. म्हणजे दाबावरून पाण्याची उंची काढता येते. पण पाण्यावर हवेचाही दाब असतोच. म्हणून दुसरे तसेच यंत्र उंचावर, कोरड्या जागी बांधतात. ते नुसत्या हवेचा दाब मोजते. पहिल्यातून दुसरा वजा केला की शुद्ध पाण्याचा दाब उरतो. भरल्या डब्याच्या वजनातून रिकाम्या डब्याचे वजन वजा करून आपण तेल मोजतो, तसाच हा हिशोब.

पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे दर तीस सेकंदांनी नोंद करतात. लाटा मोजणारी याहून पुष्कळ जलद नोंद करतात. वादळ गेले की माणसे परत जातात, नळ्या सोडवून आणतात आणि आतली नोंद वाचतात. पाणी किती वाजता चढू लागले, कळस कधी झाला, उतरायला किती तास लागले, सगळे त्यात सापडते. काही पुलांवर रडारची यंत्रेही बसवतात. ती वादळ चालू असतानाच आकडे कळवतात.

भिंतीवरची रेघ

जिथे यंत्र नव्हते तिथे काय करायचे? तिथे घरांनाच विचारायचे.

पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली तुम्ही पाहिली असेल. पाण्यावर तरंगणारे गवत, बी-बियाणे, भुसा यांचीही बारीक ओळ भिंतीला चिकटून राहते. पाणी जिथवर चढले, तिथवर ती रेघ. शास्त्रज्ञ दारोदार हिंडून या रेघा शोधतात. बाहेरच्या भिंतीपेक्षा घरातल्या भिंतीवरची रेघ जास्त खरी मानतात. कारण बाहेर लाटांचे पाणी उंच उडालेले असते. आत पाणी शांत असते.

रेघ सापडली की तिच्याशी खूण करतात, छायाचित्र घेतात आणि ठरलेल्या शून्यापासून तिची उंची मोजतात. हे काम लगबगीने करावे लागते. एक चांगली सर आली की बाहेरची रेघ धुऊन जाते. घरधनी परत आला की आतली भिंत पुसून काढतो. त्याला बिचाऱ्याला घर राहते करायचे असते. म्हणून दोघांची घाई. कॅटरिनाचे पास क्रिस्टियानमधले पाणी २८ फुटांच्या आसपास चढले होते, हे अशाच खुणांवरून ठरले.

आधी कसे कळते?

झालेले पाणी मोजणे ही अर्धी विद्या झाली. येणारे पाणी सांगणे ही उरलेली अर्धी.

फ्लॉरिडा राज्यात मायामी येथे अमेरिकेचे हरिकेन केंद्र आहे. वादळ समुद्रावर असतानाच विमाने त्याच्या पोटात शिरतात. असे पहिले उड्डाण १९४३ मध्ये जोसेफ डकवर्थ नावाच्या लष्करी वैमानिकाने केले. आता विमानातून लहान नळकांडी खाली सोडतात. छत्रीच्या आधाराने ती समुद्रापर्यंत उतरतात आणि वाटेत हवेचा दाब, वारा, उष्णता, दमटपणा यांचे आकडे कळवत जातात. उपग्रह वरून पाहत असतात. समुद्रात तरंगणारी यंत्रे लाटा आणि वारा मोजतात.

हे आकडे संगणकात घालतात. संगणकात किनाऱ्याचा नकाशा चौकटी-चौकटींनी मांडलेला असतो. प्रत्येक चौकटीत समुद्र किती खोल, जमीन किती उंच हे भरलेले असते. वादळ या वाटेने, या वेगाने आले तर कोणत्या चौकटीत किती पाणी चढेल, हे गणित यंत्र करते. या गणिताला ‘स्लॉश’ असे नाव आहे. वादळाची वाट थोडी बदलू शकते. म्हणून एकच वाट धरून बसत नाहीत. अनेक वाटा धरून अनेक उत्तरे काढतात. लोकांनी कोणत्या भागातून निघावे हे त्यावरून ठरवतात. २०१७ पासून वाऱ्याच्या इशाऱ्याहून वेगळा, खास फुगवट्याचा इशारा तिकडे रीतसर देऊ लागले.

वादळाची बाजूही पाहावी लागते. आपल्या उत्तर गोलार्धात ही वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ समुद्रातून जमिनीकडे येत असले तर त्याच्या उजव्या हाताला वारा पाणी जमिनीवर लोटतो. डाव्या हाताला वारा पाणी समुद्राकडे लोटतो. २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळ फ्लॉरिडाला लागले तेव्हा फोर्ट मायर्स बीच या गावात जमिनीवर दहा ते पंधरा फूट पाणी आले. त्याच वेळी उत्तरेला टॅम्पाच्या उपसागरात पाणी ओसरून तळ उघडा पडला. लोक तो पाहायला आत चालत गेले. असे कधीही करू नये. वारा फिरला की गेलेले पाणी परत येते.

मोजल्याने काय साधते?

कोणी विचारील, “मास्तर, पाणी येऊन गेलं. माणसं गेली. आता भिंतीवरच्या रेघा मोजून काय मिळणार?”

याचे उत्तर गॅल्व्हेस्टन शहराने दिले आहे. टेक्सास राज्यातले हे बेटावरचे शहर. १९०० साली तिथल्या सर्वांत उंच जागेची उंची समुद्रापासून नऊ फूटही नव्हती. ८ सप्टेंबरला वादळ आले आणि पाणी पंधरा फुटांवर चढले. मेलेल्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास धरतात. शहराने मग समुद्राच्या बाजूला भिंत बांधली. किती उंच? १७ फूट. पाणी किती चढले हे ठाऊक होते, म्हणून भिंत किती हवी हे ठरवता आले. तेवढ्यावर न थांबता वाळू ओतून शहराची जमीनही उंच केली. १९१५ मध्ये पुन्हा तसेच वादळ आले. भिंतीमागच्या शहरात या वेळी फार थोडी माणसे दगावली.

आजही असेच चालते. संगणकाने सांगितले बारा फूट आणि भिंतीवरची रेघ निघाली दहा फुटांवर, तर गणितात चूक कोठे झाली ते शोधतात. पुढच्या वादळाला गणित अधिक खरे उतरते. घराचा जोता किती उंच घ्यावा, रुग्णालय कोठे बांधावे, पूल किती वर ठेवावा, हे सारे या आकड्यांवरून ठरते. या वादळाची रेघ पुढच्या वादळातला जीव वाचवते.

आपल्या किनाऱ्यावर

तिकडचे हरिकेन आणि आपल्याकडचे चक्रीवादळ, जात एकच. समुद्र बदलला की नाव बदलते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले, ते कोकणातली माणसे विसरलेली नाहीत. आपल्याकडे हवामान खाते चक्रीवादळाचा इशारा देते. समुद्र किती फुगेल याचे गणित हैदराबादचे महासागर माहिती केंद्रही करते.

तेव्हा इशारा आला की वाऱ्याबरोबर पाण्याचा आकडा विचारा. त्या दिवशी भरती किती वाजता आहे, तिथी कोणती आहे, हे पंचांगात पाहा. आणि “गेल्या खेपेला आमच्या दाराशी पाणी आलं नव्हतं,” या भरवशावर बसू नका. मागचे पाणी मागच्या वादळाचे होते. येणारे वादळ निराळे आहे. निघायला सांगितले की उजेड असताना, रस्ता कोरडा असताना निघा. म्हातारी माणसे आणि मुले आधी. घर परत बांधता येते. 

प्रश्न

१. समुद्राचा फुगवटा आणि लाट यांत फरक काय?

२. कॅटरिनाचा वारा कमीलपेक्षा कमी होता. तरी पाणी जास्त का चढले?

३. पाण्याचा दाब मोजताना हवेचा दाब का वजा करतात?

४. बंदरातल्या मापकाने १२ फूट पाणी दाखवले. भरतीचे पाणी ५ फूट असायचे होते. फुगवटा किती?

५. तुमच्या गावात पुराची जुनी खूण कोठे आहे? वडीलधाऱ्यांना विचारा. ती जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा.